मातामायचा चेहरा जमत नाही

पत्र

ताई, नमस्कार. घाटंजी तालुक्यातलं आमचं लहान गाव. तीन एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. माझं वय 36. दोन वर्षांमागे माझी माय गेली. तेव्हापासून दुपारची कामं आटोपली की मी निंबाखालच्या मातामायजवळ, आमच्या गावदेवीजवळ, जाऊन चित्र काढत बसते. आधी लेकीच्या वहीच्या मागच्या पानांवर काढायची. मग मोबाईलवर टॅरोचे, म्हणजे भविष्य बघायचे पत्ते पाहिले आणि वाटलं, ही चित्रं तर आपल्याही गावात आहेत. गेरू, हळद, पळसाची फुलं, काजळ घेऊन मोठ्या 22 पानांपैकी 14 काढली. काढताना माय शेजारी बसल्यासारखी वाटते. सासूबाई म्हणतात, 'काऊन वं, घरात भानामती मांडली का?' नवरा बोलत नाही, पण त्याला आवडत नाही. आता बाया येतात आणि विचारतात, पोरीचं कधी जुळेल, बोअरला पाणी लागेल का. दोघींना मी सांगितलं. एकीचं खरं झालं, तेव्हापासून गर्दी वाढली. ओळखीच्या एका माणसाने 14 चित्रांचे पाच हजार देऊ केले आहेत, पण छापायचे सगळे हक्क त्याला पाहिजेत. चंद्राच्या पानात शेजारच्या कोलाम आदिवासींच्या पोडावरची, म्हणजे वस्तीवरची देवी काढायचा विचार आहे. तेरावं, मृत्यूचं पान काढायला हात धजत नाही. आणि मातामायचा चेहरा मला जमतच नाही. दर वेळी कॅलेंडरातल्या देवीसारखा होतो आणि मी फाडून टाकते. हे पाप तर नाही ना? याला साधना म्हणता येईल का? नाव छापू नका.

उत्तर

बाई, तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि सोबतचे तीन फोटो मोठे करून बघितले. चेहऱ्याची अडचण तुम्ही शेवटी लिहिली आहे, मी ती आधी घेते. बाकीच्या प्रश्नांची वाट मला तिथूनच निघताना दिसते.

उद्या निंबाखाली गेलात की कागद उघडू नका. नुसतं बघा. तुमच्या मातामायला चेहरा आहे का? आमच्या गावच्या मातामायला नव्हता. हातभर उंचीचा, एका अंगाला कललेला दगड. त्यावर शेंदराचे इतके थर की दगड कुठे संपतो आणि शेंदूर कुठे सुरू होतो ते कळायचं नाही. कोणीतरी चांदीचे दोन डोळे चिकटवले होते, त्यातला एक मी लहान असतानाच गळून पडला आणि पुन्हा कोणी लावला नाही. एका डोळ्याच्या त्या मातामायपुढे आमच्या चार पिढ्यांनी नवस बोलले. तिला रूप नाही म्हणून कोणाचं काही अडलं नाही. अशा अनघड देवीला आपल्याकडे तांदळा म्हणतात. पैनगंगा ओलांडून माहूरला तुम्ही गेलाच असाल. गड चढून गेल्यावर रेणुकेचं जे दर्शन होतं ते नुसतं मुख आहे, शेंदूर ल्यालेलं, भलं मोठं. खाली धड नाही. म्हणजे आपल्या मुलखात देवी कुठे नुसतं मुख आहे, कुठे मुखही नाही.

कॅलेंडरातली देवी छापखान्यातून आली. राजा रविवर्म्यांनी 1894 साली मुंबईत छापखाना काढला. तिथल्या रंगीत तसबिरी घरोघरी गेल्या आणि पुढे कॅलेंडरं छापणाऱ्यांनी तीच गोरी, टपोऱ्या डोळ्यांची देवी उचलली. ती सुंदर आहे, तिला नावं ठेवायचं कारण नाही. पण तुमच्या निंबाखालची देवी तिच्याहून कितीतरी जुनी आहे. तुमचा हात बसल्या बसल्या तिला गोरी करतो आणि तुमचं मन ते कबूल करत नाही, म्हणून तुम्ही कागद फाडता. मला विचाराल तर तुमचं मन बरोबर आहे.

आमच्या घरी भाद्रपदात महालक्ष्म्या बसायच्या. आजी आदल्या दिवशी कोठ्या मांडायची, त्यांना लुगडी नेसवायची, निऱ्या सारख्या करत तास तास बसायची. मुखवटे चढायचे सगळ्यांत शेवटी. पण दारातून आत येणारी पावलं आधीच काढलेली असायची, पांढऱ्या रांगोळीची, बोटं आतल्या बाजूला. मुखवटा डब्यात असतानाच आजी म्हणायची, 'आली.' मी एकदा विचारलं, तोंड तर अजून लावलं नाही, मग आली कशी? ती म्हणाली, 'पावलं नाही का दिसत तुले?'

तुम्हीही पावलं काढा. तिच्या पायथ्याशी बांगड्यांचे तुकडे असतील, फोडलेल्या नारळाच्या करवंटीत मुंग्यांची रांग लागली असेल, कोणीतरी बांधलेल्या चोळखणाचा रंग उन्हाने उडाला असेल. चैत्रात निंबाचा बारीक पांढरा मोहर दगडावर पडतो आणि ओल्या शेंदराला चिकटून राहतो. ते काढा. दगडाची जागा कोरी सोडा, त्याभोवतीचं सगळं काढा. कोऱ्या कागदाच्या त्या तुकड्यात ती आपोआप बसेल. चेहरा काढायचाच असं कधी आतून आलं तर तोही येईल, आणि मला वाटतं तो तुमच्या मायच्या चेहऱ्याच्या जवळचा असेल. तसं झालं तर भिऊ नका. आणि जमलं नाही म्हणून एकही कागद फाडू नका. मागे तारीख घाला आणि ठेवून द्या.

आता पापाचं. देवीला परक्या पत्त्यांत बसवलं तर तिचा कोप होईल, ही भीती तुमच्या पत्रात ओळीओळीत आहे. त्या पत्त्यांची जन्मकथा ऐका. टॅरो हा पंधराव्या शतकात उत्तर इटलीत खेळला जाणारा पत्त्यांचा डाव होता. एकूण 78 पानं, त्यातली 22 मोठी आणि बाकीची 56 आपल्या पत्त्यांसारखी चार रंगांची. श्रीमंत घराण्यांनी चित्रकारांकडून त्यांच्यावर सोन्याचा वर्ख लावून घेतला. भविष्य सांगायची प्रथा रुळली ती फार उशिरा, अठराव्या शतकात, फ्रान्समध्ये. 1781 साली एका फ्रेंच पंडिताने लिहिलं की ही इजिप्तची प्राचीन विद्या आहे. त्याला आधार काही नव्हता, पण लोकांना ती गोष्ट आवडली आणि चिकटली. तेव्हा हे कोणाचं धर्मशास्त्र नाही आणि भानामतीही नाही. दर शतकात, दर देशात लोकांनी त्यावरची चित्रं बदलली आहेत, तुम्हीही बदलू शकता.

पत्त्यांवर देव काढणंही आपल्याला नवीन नाही. कोकणात सावंतवाडीला दशावतारी गंजिफा करतात. गोल पानं, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात बारा, अशी 120. मत्स्य, कूर्म, वराह हातात घेऊन लोक डाव टाकत आले आणि त्यात देवाचा अपमान झाला असं कोणाला वाटलं नाही.

गंजिफाचं नाव काढलं ते आणखी एका कारणासाठी. फोटोत तुमच्या कागदाचे कोपरे मुडपलेले दिसतात, हळदीचं पान तर चिरलं आहे. जुने गंजिफा करणारे कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकमेकांवर चिकटवून पान तयार करत. तुमच्याकडे चिंचेला तोटा नाही. चिंचोके भाजून टरफल काढा, रात्रभर भिजवा, वाटून मंद आचेवर शिजवा आणि पळी सोडताना तार धरेल इतपत घट्ट करा. जुन्या सुती लुगड्याचे किंवा धोतराचे तीन-चार थर खळ लावून एकावर एक बसवा, वर पाट आणि पाटावर जातं ठेवून दोन दिवस सावलीत वाळू द्या. मग त्यावर खळीत कालवलेल्या चुन्याचा पातळ हात द्या आणि नदीतल्या गुळगुळीत गोट्याने घोटा. पुठ्ठ्यासारखं ताठ पान तयार होतं. मायचं एखादं लुगडं ठेवलं असेल तर त्याचा काठ सोडून मधलं कापड घ्या. काठ राहू द्या.

साधनेचा प्रश्न इथेच येतो आणि माझं मत मी स्पष्ट सांगते. हो, ही साधना आहे. पण ती पत्ते पिसण्यात आणि मांडण्यात नाही, ती हे पान करण्यात आहे. गेरूचा खडा फोडायचा, वस्त्रगाळ करायचा, पाण्यात ढवळायचा, जड रेती खाली बसू द्यायची, वरचं लाल पाणी दुसऱ्या भांड्यात ओतायचं, ते रात्रभर निवळू द्यायचं आणि तळाला जो लोण्यासारखा थर उरतो तेवढाच घ्यायचा. त्यात भिजवलेला बाभळीचा डिंक आणि मधाचे दोन थेंब, म्हणजे रंग वाळल्यावर तडकत नाही. या कामाला घाई चालत नाही. हात कामात असतो आणि मन हळूहळू खाली बसतं, रेतीसारखं. माय शेजारी बसल्यासारखी वाटते असं तुम्ही लिहिलं आहे. मला त्याचं नवल वाटलं नाही. माझ्या आईच्या हातचा गेरूचा वास मला अजून येतो. दिवाळीच्या आधी ती ओट्याच्या कडेला गेरूचा पट्टा ओढायची आणि त्या वेळी कोणाशी बोलायची नाही. सेवाग्रामला बापू कुटीत गेलात तर मातीच्या भिंतीवर मीराबेनने हाताने उठवलेली ताडाची झाडं आणि चरखा दिसेल. एवढ्या कामाच्या धबडग्यात तिने ओल्या मातीत बोटं घालून झाडं उठवली, आणि ती आजही तिथे आहेत.

रंगांबद्दल दोन-तीन गोष्टी मात्र नीट लक्षात घ्या. हळद आणि पळस उन्हात उडतात. दोन उन्हाळ्यांत तुमचं पिवळं पान फिकं पडेल. टिकाऊ पिवळ्यासाठी पिवडी वापरा, ती मातीच आहे, उडत नाही. पळसाच्या पाण्यात चिमूटभर चुना टाकला की केशरी गडद होतो आणि हळदीत टाकला की लाल, हे तुम्हाला ठाऊक असेलच. हिरडा उकळून त्या पाण्यात गंजका खिळा टाकून ठेवा, दोन दिवसांत काळी शाई होते, काजळासारखी हाताला लागत नाही. आणि शेंदूर रंग म्हणून वापरू नका. शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड, विष आहे ते. फोटोत तुम्ही कुंचल्याचं टोक ओठांत धरून बारीक केलेलं दिसतं, ओठाला केशरी लागलेलं आहे. ते आजपासून बंद. घरात लेक आहे. शेंदराचा रंग हवा तर गेरूत पळसाचं पाणी मिसळा. फवारणीच्या रिकाम्या बाटल्यांत रंग भरून ठेवत असाल तर त्याही आजच बाहेर काढा. 2017 साली आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने किती घरांत अंधार केला ते तुम्ही जवळून पाहिलं असेल.

फुलं खाली पडलेलीच घ्या. पळस झाडावरून ओरबाडला की पुढे शेंग धरत नाही. आणि मोहाच्या दिवसांत पहाटे एकट्या जंगलाच्या कडेला जाऊ नका. तुमचं गाव टिपेश्वरच्या, वाघांच्या अभयारण्याच्या अंगाला आहे. चित्रासाठी लागणारं पान दुपारी बांधावरही मिळतं.

वाघाचा विषय निघालाच आहे म्हणून तुमच्या आठव्या पानाबद्दल बोलते. शक्तीचं पान. मूळ चित्रात बाई सिंहाच्या जबड्यावर हात ठेवून उभी असते. तुम्ही सिंहाच्या जागी वाघ काढला, ते योग्यच. पण तुमची बाई त्याला गोऱ्ह्यासारखा कुरवाळते आहे. ज्या मुलखात बायांना तेंदूपत्ता तोडताना दर चार पावलांनी मागे वळून बघावं लागतं, जिथे शिवेवर वाघदेव मांडून त्याला नारळ फोडतात, तिथे वाघाशी नातं इतकं लाडाचं नसतं. बाईला आणि वाघाला एकमेकांकडे बघू द्या. मधलं अंतर काढा. त्या अंतरात तुमची शक्ती येईल.

उलट सतरावं पान, ताऱ्याचं, बघून मी बराच वेळ गप्प बसले. 1909 साली लंडनमध्ये पामेला कोलमन स्मिथ नावाच्या चित्रकर्तीने जे पान काढलं त्यात एक बाई तळ्याकाठी गुडघा टेकून दोन घागरी रित्या करते, एक पाण्यात आणि एक जमिनीवर. तुमची बाई लुगड्याचा काष्टा खोचून विहिरीच्या काठावर उभी आहे. पाण्याचा एक गुंड ती तुरीच्या रोपावर ओतते आणि दुसरा विहिरीत परत ओतते. खाली तुम्ही लिहिलंय 'आसरा', पाण्यातली देवी. यवतमाळच्या उन्हाळ्यात विहिरीला पाणी परत देणारी बाई! हे तुम्ही कुठून उचललेलं नाही, ते मला दिसतं. तिसऱ्या पानातली सम्राज्ञीही तशीच. मूळ पानात तिच्यापुढे पिकलेला गहू आहे, तुम्ही तिच्या कमरेला वेचणीची ओटी बांधली आणि ती कापसाने भरली. वेचणीची ओटी आणि देवीची ओटी, शब्द एकच, आणि तो तुम्ही चित्रात पकडला.

या पामेलाबाईंची आणखी एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी, कारण पाच हजारांचा प्रश्न तिच्याशी जोडलेला आहे. तिने 1909 साली काही महिन्यांत सगळी 78 पानं काढली. आज जगभर सगळ्यांत जास्त ओळखली जाणारी टॅरोची चित्रं तीच. तिला त्याचे थोडेसे पैसे मिळाले, पुढच्या विक्रीतला वाटा नाही. पत्त्यांची जोडी प्रकाशकाच्या आणि ज्यांच्या सांगण्यावरून काढली त्या गृहस्थांच्या नावाने ओळखली गेली. 1951 साली ती गेली तेव्हा डोक्यावर कर्ज होतं. तिने एक गोष्ट मात्र केली होती, पानांच्या कोपऱ्यात आपली लहानशी खूण काढली होती. त्या खुणेमुळे आज तिचं नाव परत घेतलं जातं.

तुमच्या तिन्ही फोटोंत कुठेही खूण नाही. आज बसून चौदाही पानांवर घाला. नाव नको असेल तर मायचं गोंदण आठवून काढा, पण घाला. आणि हक्क देऊ नका. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्र काढलं त्या क्षणी हक्क तुमचा होतो, नोंदणी केली नसली तरी. तो तुमच्या हयातीत आणि नंतर 60 वर्षं राहतो, म्हणजे लेकीला मिळतो. तुम्ही सही केलेल्या लेखी कागदाशिवाय तो दुसऱ्याकडे जात नाही. त्या माणसाला छापायचंच असेल तर किती प्रती, किती वर्षं, दर प्रतीमागे तुम्हाला किती, हे सगळं लिहून घ्या. 22 पानं पुरी होईपर्यंत तर कशावरही सही करू नका. पाच हजार तुमच्या घरात लहान रक्कम नाही हे मला कळतं. तरीही सांगते.

आता जे सांगणार आहे ते तुम्हाला कडू लागेल. बायांना भविष्य सांगणं थांबवा. आजपासून.

बेचाळिसाव्या वर्षी मी एकदा नागपुरात एका बाईंकडे पत्ते बघून घेतले. माझ्या नवऱ्याचं पोटाचं ऑपरेशन ठरलेलं होतं. त्यांनी तीन पानं उलटली, शेवटचं बघून थोडं थांबल्या आणि म्हणाल्या, 'तीन महिने जपा.' बस, एवढंच. माझा नवरा आठवड्याभरात बरा होऊन घरी आला, पण ते तीन महिने मी झोपले नाही. रात्री उठून त्याच्या छातीवर हात ठेवून श्वास चालतो का बघायची. तो जागा झाला की चिडायचा आणि मी कारण सांगू शकायची नाही. त्या बाईंच्या मनात वाईट काही नसेल. त्यांना वाटलं असेल, आपण सावध केलं. पण एका शब्दाने त्यांनी माझ्या घरातले नव्वद दिवस नेले.

दोघींना सांगितलं, एकीचं खरं झालं, असं तुम्ही लिहिलंत. दुसरीचं काय झालं ते लिहिलं नाहीत. मला तीच आठवत राहिली. पाणी लागेल म्हणून सांगितलं आणि तिने सोनं गहाण टाकून बोअर मारलं असेल तर? आपल्या काळ्या पाषाणात पाणी भेगांमधून असतं, शंभर फुटांवर शेजाऱ्याला लागतं आणि आपल्याला तीनशेवर धूळ येते. त्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं कार्यालय आहे, बाईला तिकडचा रस्ता दाखवा. पोरीचं कधी जुळेल असं विचारणारीला मुलीच्या मनात काय आहे ते विचारा. 2013 चा जादूटोणाविरोधी कायदाही माहीत असू द्या. चमत्काराचा दावा करून लोकांना फसवणं, लुबाडणं, घाबरवणं हा गुन्हा आहे. तुम्ही यातलं काही केलेलं नाही. पण गर्दी वाढत गेली की लोकच तुमच्या तोंडात शब्द घालू लागतात. त्याच कायद्याने कोणी तुमच्यावर करणी-भानामतीचा आळ घेऊन तुमचं जगणं मुश्कील केलं तर तोही गुन्हाच आहे. गरज पडणार नाही अशी आशा करते, पण ठाऊक असलेलं बरं.

बाया आल्या तर त्यांना परत पाठवू नका. पान त्यांच्या हातात द्या आणि विचारा, यात तुले काय दिसते? मग ऐका. एखादी म्हणेल, ही विहिरीवरची बाई माझ्या नणंदेसारखी आहे, आणि दहा मिनिटांनी तिच्या डोळ्यांत पाणी येईल. बोलायला जागा मिळत नाही म्हणून त्या भविष्य विचारायला येतात. तुम्ही काही सांगायचं नाही, पैसे किंवा शिधा घ्यायचा नाही. मात्र एखादी फार खचलेली दिसली, जीव नकोसा झाल्याचं बोलली, तर गप्प बसू नका. तिला एकटी सोडू नका, आशाताईला आणि आरोग्य केंद्राला कळवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आधार सेवेचा 14416 हा नंबर चोवीस तास मोफत आहे, तो वहीत लिहून ठेवा.

कोलाम पोडावरच्या देवीचं पान सध्या थांबवा. मातामाय तुमच्या गावची आहे, तिच्यापुढे तुमची माय बसली, तुम्ही बसता. पोडावरची देवी त्यांची आहे. तिचं रूप काढावं की नाही, कोणी काढावं, कोणाला दाखवावं, याचे त्यांचे नियम असतील. पोडावर जा, जाणत्या माणसांना आणि म्हाताऱ्या बायांना भेटा, पानं दाखवा, विचारा. नको म्हणाले तर नको. चंद्राच्या पानात मोहाचं झाड काढा, रात्री फुलं गाळणारं. चंद्राला त्याहून जवळचं काय असेल?

नवऱ्याचं मी फार मनावर घेणार नाही. गर्दी थांबली की त्याचा चेहरा बदलेल असं वाटतं. सासूबाईंचं वेगळं आहे. त्या भानामती म्हणतात ते रागाने कमी आणि भीतीने जास्त. सुनेकडे बाया जमतात, उद्या कोणाचं जनावर मेलं, कोणाचं लेकरू आजारी पडलं की गाव कोणाकडे बोट दाखवतं हे त्यांनी आयुष्यात पाहिलं असणार. त्या तुम्हाला वाचवायला बघत आहेत. त्यांना पत्ते दाखवू नका, रंग दाखवा. चिंचोक्याची खळ किती शिजवायची ते त्यांना तुमच्यापेक्षा चांगलं माहीत असेल.

राहिलं तेरावं पान. मूळ चित्रात घोड्यावर सांगाडा बसलेला आहे, पुढे एक लेकरू गुडघ्यावर बसलंय आणि दूर दोन बुरुजांच्या मधे सूर्य आहे. तुमचा हात धजत नाही, कारण तुमच्यासाठी मृत्यूला सांगाड्याचं नाही, मायचं रूप आहे. म्हणून मी सांगाडा सुचवणार नाही. पोळ्याला आमच्याकडे दारात पळसाचे मेढे, म्हणजे फांद्या ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी पोरं ते उचलून 'ईडा पिडा घेऊन जा गे मारबत' ओरडत शिवेबाहेर न्यायची. मारबत, म्हणजे बाईच्या रूपातली पीडा, जाते, जाताना घरातलं दुखणं सोबत नेते, आणि तिच्यामागे कोणी रडत नाही. पळस पुन्हा पानावर येतो. तुमच्या तेराव्या पानात शिवेबाहेर चाललेली पाठमोरी मारबत येऊ शकेल. पाठमोरी आहे म्हणजे चेहऱ्याचाही प्रश्न नाही.

पण काढण्याआधी एकदा संध्याकाळी चुलीपाशी सासूबाईंना विचारा, त्यांच्या माहेरी मारबत कशाची करायचे, तिला काय नेसवायचे, आणि तिला वाटेला लावताना बाया काय म्हणायच्या. त्या सांगतील तसं काढा आणि मला फोटो पाठवा.